लुगड्याचा दंड: मुंबईची तेजी-मंदी आणि आपली राहणी

करवतकाठी (धागाकर्ती)

माझ्या आजीच्या ट्रंकेत एक लुगडे आहे. त्याचा अर्धा भाग हिरवा आणि करवतकाठी आहे, तर उरलेला अर्धा मळखाऊ तपकिरी आणि साध्या काठाचा आहे. दोन्हींच्या मधोमध हाताने घातलेली शिवण इतकी बारीक आहे की ती डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागते. या जोडाला आमच्याकडे दंड म्हणत. लुगडे बसण्याउठण्याच्या जागी विरले की तेवढा भाग कापून टाकायचा, दुसऱ्या लुगड्याचा धड राहिलेला भाग त्याला जोडायचा आणि दोन जुन्यांतून एक नेसते लुगडे करायचे, अशी ती रीत होती. दुसऱ्या महायुद्धात कापड मिळेनासे झाले तेव्हा हा दंड घातला, असे आजी सांगत असे. त्यानंतर तिच्या धाकट्या जावेने गोल पातळ, म्हणजे कासोटा न घालता नेसायची पाच-सहा वारी साडी, नेसायला सुरुवात केली आणि युद्ध संपून कापड पुन्हा मिळू लागल्यावरही ती नऊवारीकडे परतली नाही.

हे लुगडे हाताळताना मला एक प्रश्न नेहमी पडतो. तेजी आणि मंदी यांचा कपड्यांवर, घरांवर, खाण्यापिण्यावर आणि करमणुकीवर परिणाम होतो, हे कोणीही मान्य करील. पण त्यांतला कोणता परिणाम टिकतो? माझे मत असे झाले आहे की तेजीत हौसेने घेतलेल्या गोष्टी तेजीबरोबर ओसरतात आणि मंदीत नाइलाजाने पत्करलेल्या गोष्टी पुढे आपल्या राहणीचा भाग होऊन बसतात. ते तपासून पाहण्यासाठी मी मुंबईचेच उदाहरण घेते, कारण हे शहर शंभराहून अधिक वर्षे कापसावर आणि कापडावर जगले आणि माझे घरही त्याच कापडावर जगले.

पहिली मोठी तेजी १८६१ ते १८६५ या काळातली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेकडील राज्यांच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. ती गरज मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाने भागवली. कापसाचे भाव कितीतरी पटींनी चढले, पैशाचा पूर आला आणि तो पैसा नव्या बँकांच्या व समुद्र भरून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत गेला. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेल्याचे वर्णन त्या काळाच्या इतिहासात वाचायला मिळते. वऱ्हाड-खानदेशातल्या कापूस पिकवणाऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशीही आठवण सांगितली जाते. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्याच वर्षी १ जुलैला वायद्यांचा हिशेब चुकता करायची वेळ आली तेव्हा मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ वर आली. चांदीच्या धावा कोणाच्याही चालीरीतीत उरल्या नाहीत.

घाटावरच्या मंदीने मात्र मागे काहीतरी ठेवले. तेजीत सहज मिळालेले कर्ज मंदीत सावकाराने आखडून घेतले, शेतसारा वाढला आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे जाळली. याच दशकात, १८७२ पासून, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांनी स्वतः कातलेल्या सुताची खादी वापरण्याचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात ते त्याच पोशाखात गेले. गांधीजींच्या खादीच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. ज्या सभेत रेशीम आणि जरी हीच प्रतिष्ठेची खूण होती, तिथे जाडाभरडा पांढरा पोशाख घालून जाणे हा देशाच्या दारिद्र्याचा हिशेब अंगावर नेसण्याचा प्रकार होता, असे मला वाटते. तो पोशाख टिकला आणि पुढे साऱ्या देशाच्या सार्वजनिक जीवनाचा पोशाख झाला.

पहिल्या महायुद्धाने मुंबईच्या गिरण्यांना दुसरी तेजी दिली. परदेशी कापड येणे कमी झाले आणि गिरण्यांचा नफा १९२२ पर्यंत चढा राहिला. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये निघाली आणि तिचा सुवर्णकाळ याच वर्षांत पसरलेला आहे. रंगमंचावर भरजरी शालू, खरे दागिने, अत्तराचा घमघमाट; बालगंधर्वांसारखी नेसण आणि त्यांच्यासारखा गजरा मध्यमवर्गीय स्त्रिया उचलू लागल्या. बालगंधर्वांच्या गाण्याबद्दल मला अपार आदर आहे, त्यामुळे हे लिहिताना वाईट वाटते. पण त्या थाटाला कर्जाने पोखरले आणि १९३० नंतर बोलपट आल्यावर तो थाट पुन्हा उभा राहिला नाही. गाणे राहिले, शालू गेले. गिरणीत तेजीच्या वर्षांत सुरू झालेला वार्षिक बोनस मालकांनी १९२३ सालासाठी नाकारला आणि १९२४ च्या आरंभी कामगारांनी त्यासाठी मोठा संप केला. तेजीतली बक्षिसी कामगारांच्या मनात हक्क होऊन बसली होती. माझ्या मताला हा एक अपवाद आहे, हे मीच नोंदवून ठेवते.

दुसऱ्या महायुद्धात गिरण्या तीन पाळ्यांत चालल्या, तरी कापड सैन्याकडे गेले. जून १९४३ मध्ये सरकारने कापड आणि सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढला. गिरणीच्या कापडावर कमाल किंमत छापलेली येऊ लागली. मालकांना तेजी होती आणि घराघरांत टंचाई होती. दंड घातलेले लुगडे याच टंचाईतले. नऊ वारांऐवजी पाच-सहा वारांत भागवणे ही तेव्हा काटकसर होती. पुढच्या पिढीला ती नवी नेसण वाटली आणि माझ्या पिढीला तीच परंपरा वाटते.

आता माझ्या घराविषयी. वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या विभागात, होते. दिवाळीला बोनस झाला की गिरणीच्या दुकानातून सवलतीत ताग्याचे कापड येई. त्या एकाच ताग्यातून आम्हा चार भावंडांचे कपडे, वडिलांचा बुशशर्ट आणि उरलेल्या तुकड्याचा खिडकीचा पडदा शिवला जाई. फोटोत आम्ही सगळे एकाच निळ्या चौकटीत दिसतो आणि मागे पडदाही त्याच चौकटीचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालील त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते आणि तो संप कधीही औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही. वडील परत कामावर घेतले गेले नाहीत. आईने डबे करायला घेतले. पहाटे चारला स्टोव्हसमोर बसायचे, तर पदर सांभाळणे आणि रोज साडी धुण्याचा साबण दोन्ही परवडेना. तेव्हा तिने शेजारणीचे पाहून फुलाफुलांचा सुती गाऊन घातला आणि नळावर जाताना लाज वाटू नये म्हणून खांद्यावर टॉवेल घेतला. पहिल्या दिवशी ती चाळीच्या गॅलरीतून मान खाली घालून गेल्याचे मला आठवते. वर्षभरात सगळ्या चाळीत गाऊन आणि खांद्यावर टॉवेल दिसू लागला. आज डोंबिवलीत, हातात चार पैसे असलेल्या घरांतही, सकाळी तोच पेहराव दिसतो आणि त्यामागे कोणाच्या घरची चूल विझत चालली होती हे कोणाला ठाऊक नसते.

आपापल्या घरातली, गावातली उदाहरणे जरूर लिहावीत. माझे मत चुकत असेल तर तेही स्पष्ट सांगावे.

जुनी मुंबई

लेख मनापासून आवडला. विशेषतः एकाच ताग्याचे शर्ट आणि पडदा वाचून आमच्याही घरातला एक फोटो डोळ्यांसमोर आला. तरीही आपले मूळ मत मला अर्धेच पटते. तेजीतले काही टिकत नाही असे म्हणताना आपण मुंबईच्या इमारती विसरत आहात.

ओव्हल मैदानावर उभे राहावे. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर आहेत. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या गोलाकार गच्च्यांच्या आर्ट डेको इमारती आहेत. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा म्हटले. पूर्वेची रांग कापसाच्या तेजीने सुचवली. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना किल्ल्याचा तट पाडला गेला आणि शहराने मोकळा श्वास घेतला, तो त्याच पैशाच्या जोरावर. शहराचा चेहरा ज्या शैलीने घडला ती शैली तेजीची आहे, हे नाकारता येणार नाही.

पश्चिमेच्या रांगेची गोष्ट मात्र आपल्या बाजूने जाते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव पडले. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण, म्हणजे चलनाची सोन्याशी घातलेली सांगड, सोडल्यावर सोन्याचा भाव चढला आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या पुतळ्या, वाक्या आणि पाटल्या मोडीत निघून मुंबई बंदरातून परदेशी गेल्या. त्याच वर्षांत मुंबईत रीगल (१९३३) आणि इरॉस (१९३८) ही चित्रपटगृहे उभी राहिली. व्यापारातून मोकळा झालेला पैसा जमिनीत आणि सिमेंटमध्ये गेला, असे मला वाटते. दहा कंपन्या एकत्र येऊन असोसिएटेड सिमेंट कंपनी झाली तीही १९३६ मध्ये. कोरीव दगडापेक्षा सिमेंटची सपाट भिंत स्वस्त आणि झटपट होते. नक्षी गेली, रेषा राहिल्या. दादर-माटुंग्याला याच सुमारास स्वतंत्र न्हाणीघर आणि संडास असलेले ब्लॉक झाले आणि चाळीतला मराठी कारकून ब्लॉकमध्ये राहायला गेला. सार्वजनिक गॅलरी सुटली, दार बंद झाले. आमच्या आजोबांनी १९३८ मध्ये दादरला ब्लॉक घेतला, तेव्हा पहिले सहा महिने आजी दुपारी दार उघडे टाकून बसत असे, कारण बंद दाराआड बसण्याची तिला सवयच नव्हती. आपल्या मध्यमवर्गाच्या स्वभावात त्या बंद दाराने जे केले त्यावर वेगळा धागा निघू शकेल.

करवतकाठी

@जुनी मुंबई, आपला आक्षेप योग्य आहे आणि त्यावर मी बराच विचार केला. राजाबाई टॉवरचीच कथा घेऊ. प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले ते १८६४ मध्ये, तेजीच्या शिखरावर. पुढच्या वर्षी ते स्वतः बुडाले. बांधकाम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पुरे झाले, म्हणजे मनोरा उभा राहिला तो मंदीच्या वर्षांत, दात्याची मालमत्ता गेल्यानंतर. ती देणगी वेळेत हातावेगळी झाली नसती तर धनकोंच्या हिशेबात गेली असती आणि त्यांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव आज कोणाला माहीत नसते. तेव्हा मी माझे म्हणणे थोडे बदलते. तेजीतल्या पैशातले जे मालकाच्या हातून सुटून सार्वजनिक झाले, ते टिकले. जे त्याच्या अंगावर आणि घरात राहिले, ते गेले.

मागवाला

मी इचलकरंजीचा आहे आणि चार पिढ्या आमच्या घरी माग आहेत. धागाकर्तींच्या वडिलांविषयी वाचून गलबलून आले, पण एक गोष्ट मन कठोर करून लिहिणे भाग आहे: मुंबईची मंदी ही आमची तेजी होती.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी आणला आणि संस्थानिक बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्याला आश्रय दिला. धोतरे आणि साड्या हा आमचा मूळ माल. १९८२ मध्ये मुंबईचे साचे थांबले तेव्हा देशाला कापड तर हवेच होते. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी यांनी ते विणले. आमच्या आजोबांनी त्या काळात चार मागांचे बारा केले. घराच्या पुढच्या सोप्यात माग, मागच्या बाजूला स्वयंपाकघर आणि मधल्या भिंतीला सतत हादरे, असे आमचे बालपण गेले. मागाच्या आवाजात बोलायचे म्हणून आमच्या गल्लीतला प्रत्येक माणूस मोठ्याने बोलतो. पै-पाहुण्यांना आम्ही भांडत आहोत असे वाटते. ही आमच्या तेजीची खूण आहे आणि ती अजून टिकली आहे, कारण माग बंद पडले तरी आवाज खाली आला नाही.

कपड्यांच्या शैलीविषयीही थोडे. मुंबईच्या गिरण्या जाड, टिकाऊ सुती कापड काढत. लाँगक्लॉथ, पॉपलीन, चादरी. संपाच्या आसपासच पॉलिस्टर स्वस्त होत गेले. टेरिकॉटची पँट न चुरगळणारी, धुतली की वाळणारी, इस्त्रीचा खर्च वाचवणारी. खेड्यातल्या शिक्षकापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना ती परवडली. सुती कापडाचा ऱ्हास केवळ संपामुळे झाला असे लोक म्हणतात, परंतु गिऱ्हाईक आधीच टेरिकॉटकडे वळले होते. आज सुती आणि हातमागाचे कापड श्रीमंतांची आवड झाले आहे आणि गरिबाच्या अंगावर पॉलिस्टर आहे. माझ्या आजोबांना हे उलटे जग पाहून फार आश्चर्य वाटे, कारण त्यांच्या तरुणपणी टेरिलीनचा शर्ट लग्नात घालायचा कपडा होता.

उभा धागा

मी वस्त्रांचा अभ्यास करते आणि काही वर्षे तो शिकवलाही आहे. नऊवारीकडून सहावारीकडे झालेला बदल केवळ कापडटंचाईने झाला, हे मला मान्य नाही. मुली शाळा-कॉलेजात गेल्या, बस आणि लोकलने प्रवास करू लागल्या, कचेऱ्यांत टाइपरायटरसमोर बसल्या. शिवाय परकर-पोलक्याची सवय होतीच, त्यावर गोल साडी सहज बसली. इतर प्रांतांतल्या स्त्रियांचे नेसणेही मुंबईत रोज डोळ्यांसमोर होते. टंचाईने या बदलाला निमित्त दिले आणि सासूच्या विरोधाची धार बोथट केली, एवढे मी मान्य करीन. ‘कापड मिळत नाही’ हे कारण पुढे करून कितीतरी सुनांनी मनातली इच्छा पुरी करून घेतली असावी. आपल्या आजीच्या धाकट्या जावेविषयी मला तसेच वाटते.

अमेरिकेत १९२६ पासून जॉर्ज टेलर यांच्या नावावर एक सिद्धान्त सांगितला जातो की तेजीत बायकांच्या स्कर्टची लांबी कमी होते आणि मंदीत वाढते. आपल्याकडे तो लावता येत नाही, कारण आपली लांबी वारांत मोजली जाते आणि इथे टंचाईत ती घटली. बाहेरचा सिद्धान्त आणून आपल्या कपाटावर चिकटवण्याआधी कपाट उघडून पाहावे, असे मी विद्यार्थिनींना नेहमी सांगत आले.

दागिन्यांचा उल्लेख वर आला आहे. घरातले सोने मोडले किंवा गहाण पडले की लग्नकार्यात गळा मोकळा ठेवायचा नाही म्हणून बेंटेक्सच्या नकली पाटल्या आणि सोन्याचा नुसता मुलामा दिलेले एक ग्रॅमचे दागिने आले. आता सोने बँकेच्या लॉकरमध्ये असलेल्या स्त्रियाही समारंभात तेच घालतात. १९९१ मध्ये तर सरकारनेही घरातल्या बाईप्रमाणेच केले. आधी २० टन सोने विकले आणि मग सुमारे ४७ टन बँक ऑफ इंग्लंडकडे तारण ठेवले. ती बातमी ऐकून आमच्या आईने हातातल्या बांगड्यांकडे पाहिले आणि ती गप्प बसली. तिने त्या दोनदा गहाण ठेवून सोडवल्या होत्या.

रातपाळी

खानावळीचा उल्लेख राहून गेला आहे म्हणून लिहितो. एका खोलीत पंधरा-वीस गाववाले गिरणी कामगार, पाळीप्रमाणे झोपणारे, आणि जेवायला खानावळवालीकडे महिन्याच्या हिशेबावर. कामगार बहुतेक एकटे राहत, कुटुंब कोकणात किंवा घाटावर. या खानावळ चालवणाऱ्या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. संपानंतर खानावळीचे जेवणारे गेले, पण हात तेच राहिले. त्यांतूनच पोळीभाजी केंद्रे निघाली. वडापावचेही तसेच. दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असे मानतात, मात्र नाक्यानाक्यावर गाडी दिसू लागली ती संपानंतर घरी बसलेल्या कामगारांनी कढई मांडल्यावर. माझे काका त्यांतलेच एक. साच्यावर वीस वर्षे उभे राहिलेला माणूस, बेसन किती पातळ करावे हे त्याला काकूने शिकवले. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक म्हणून जुन्याच खात्यातले सोबती आले आणि कोणाच्याही खिशात पैसे नव्हते. काकांनी सगळ्यांना उधार दिले.

भजनी मंडळे, शक्ती-तुऱ्याचे गाण्यांचे सामने, कामगार नाट्यस्पर्धा हे सगळे मात्र क्षीण झाले. त्यांना पगाराची तारीख आणि पाळीनंतरचा मोकळा वेळ लागत असे. मंदीतून आलेले सर्वच टिकते असे नाही, आणि मंदीने काय काय नेले याचाही हिशेब या धाग्यावर असावा.

हर्णै बंदर

आमच्या किनाऱ्यावरची तेजी मुंबईच्या मार्गाने आली नाही. १९७३ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले आणि आखाती देशांत बांधकामे निघाली. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून, विशेषतः मुसलमान वस्त्यांतून, तरुण मुंबईहून जहाजाने आणि नंतर विमानाने गेले. माझे मामू त्यांत होते. दोन वर्षांनी ते सुट्टीला आले तेव्हा पेटीत टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र), टाल्कम पावडरचे उंच डबे, अत्तर आणि नायलॉनच्या साड्या होत्या. त्या साडीला घडी राहत नसे. अम्मी ती हातावरून पाण्यासारखी ओघळू देत असे आणि आम्ही मुले पाहत राहत असू. पुढे चिऱ्याची, कौलारू घरे पाडून स्लॅबची घरे झाली. कोकणच्या पावसात आणि उन्हात ती कौलारू घरांइतकी सुखाची नव्हती, परंतु स्लॅब म्हणजे दुबईचा पैसा, हे गावाला दुरून कळले पाहिजे असे.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले. लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले, त्यांत आमच्या गावचे लोकही होते. मामू एका पिशवीनिशी आले. टू-इन-वन केव्हाच बिघडला होता आणि साड्या विरल्या होत्या. पण त्या बारा वर्षांच्या पैशातून माझ्या तिन्ही बहिणी शिकल्या. थोरली प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. धागाकर्तींनी राजाबाई टॉवरविषयी जे लिहिले ते मला म्हणून पटले. मामूंच्या हातून जे सुटले तेच राहिले. स्लॅब मात्र आता गळतो आणि त्यावर पावसाळ्यात पत्रे घालावे लागतात, म्हणजे घराला पुन्हा उतरते छप्पर आले आहे.

करवतकाठी

सर्वांचे मनापासून आभार. @मागवाला, आपण लिहिले ते ऐकायला जड गेले आणि ते खरे आहे. माझ्या आईने डब्यांच्या पैशातून आमच्यासाठी पुढे जे कापड घेतले ते बहुधा आपल्याच गावच्या मागावरचे असेल. तेजी आणि मंदी एकाच वेळी, एकाच मालामुळे, दोन गावांत वेगवेगळी असते, हे मी लेखात धरलेच नव्हते. @रातपाळी, आपण म्हणता तो हिशेब माझ्याकडून राहिला. वडील पेटी वाजवत. संपाच्या दुसऱ्या वर्षी पेटी विकली आणि त्यानंतर त्यांना गुणगुणतानाही मी ऐकले नाही.

@उभा धागा, आपला प्रतिसाद वाचून मी आजीच्या त्या धाकट्या जावेला, म्हणजे माझ्या चुलत आजीला, फोन केला. त्या नव्वदी ओलांडून पुढे गेल्या आहेत आणि ऐकू थोडे कमी येते. कापड मिळत नव्हते म्हणूनच गोल पातळ नेसायला लागलात का, असे विचारले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की कापड मिळत नव्हते हे खरेच, पण त्यांना शिवणाच्या वर्गाला जायचे होते, ट्राममध्ये चढताना कासोट्याकडे लोक पाहत आणि ते त्यांना आवडत नसे. सासऱ्यांना कारण सांगताना मात्र त्यांनी रेशनचेच सांगितले. आपला अंदाज शब्दशः खरा ठरला.

फोन ठेवल्यावर ट्रंक उघडून ते लुगडे जमिनीवर पसरले आणि प्रथमच टेपने मोजले. हिरवा भाग साडेचार वार भरतो, तपकिरी भाग चार वारांना थोडा कमी. म्हणजे दंड घालूनही ते पुरते नऊ वार झाले नव्हते आणि आजी इतकी वर्षे आखूड लुगडे ओढून ताणून नेसत होती. तपकिरी भागाच्या एका टोकाला, आतल्या बाजूने, गिरणीचा शिक्का आणि किमतीचा आकडा पुसट दिसतो. आकडा वाचता येत नाही. मुलीने त्यावर मोबाइलचा दिवा धरून पाहिला, तेव्हा शेवटचा आणे हा शब्द तेवढा लागला.